बाबांची सुपारी

कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून राजेंनी स्वतःच्या हाताने एकच गोष्ट लिहिली होती, ती म्हणजे स्वतःचं नाव. असाइनमेंटच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, जरा झोकात. बाकीची पानं कुठून येतात हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. नळ उघडला की पाणी येतं. ते कुठल्या धरणातून आलं याची चौकशी कोण करत बसतं?

राजे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आई लाडाने म्हणायची, बाबा वैतागून म्हणायचे, आणि दोन्हीकडून तोच शब्द ऐकून ऐकून पोराची समजूत झाली होती की आपला जन्म गादीवर बसण्यासाठीच आहे. आता गादी म्हणाल तर ती बाबांच्या दुकानाची. नळ, बेसिनं, शॉवर आणि कमोड यांचं दुकान. बाबा स्वतः खुर्ची वापरत नसत. बंद झाकणाच्या एका पांढऱ्याशुभ्र कमोडवर बसून ते दिवसभर धंदा करत, म्हणजे माल किती मजबूत आहे ते गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं लागत नसे. हेच सिंहासन आपल्या वाट्याला येणार या विचाराने राजेंना अधूनमधून कसंतरी व्हायचं. म्हणून तर ते कॉलेजला जात होते.

असाइनमेंटची सोय एका वेबसाइटवर होती. पहिल्याच पानावर चष्मा लावलेली एक मुलगी पुस्तकं छातीशी धरून इतकी हसत होती, की सगळी पुस्तकं विनोदी असावीत. खाली मोठ्या अक्षरांत 'तुमचा ताण, आमचं काम', आणि त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'येथील लेखन केवळ नमुन्यादाखल आहे'. ही ओळ वाचायला भिंग लागलं असतं. राजेंकडे भिंग नव्हतं, बाबांचं कार्ड होतं. इतिहास झाला, अर्थशास्त्र झालं. पर्यावरणाच्या असाइनमेंटमध्ये तर 'आमच्या बेटावरचे मासेमार' असा उल्लेख चुकून राहून गेला. राजेंच्या शहराला समुद्र सोडा, धड तळंसुद्धा नव्हतं. सरांनी त्या ओळीशेजारी लाल शाईने लिहिलं, 'सुंदर निरीक्षण.'

एकंदरीत सगळं सुरळीत चाललं होतं. मग भाषेच्या मॅडमनी घोळ घातला.

मॅडम हळव्या होत्या. कवितेचा तास असला की रुमाल आणत, व्याकरणाचा असला तरी आणत. त्यांनी विषय दिला, 'मला बदलून टाकणारा दिवस'. स्वानुभव हवा, मनापासून हवा, पुस्तकातलं एकही वाक्य चालणार नाही.

राजेंनी आपलं आयुष्य उलटंपालटं करून पाहिलं. बदलून टाकणारा दिवस काही सापडेना. फोन बदलला होता तो दिवस आठवला, पण त्यात बदलला होता फोन. शेवटी त्यांनी नेहमीच्या वाटेने जायचं ठरवलं आणि एका दुपारी कॅन्टीनमध्ये बसून फॉर्म भरायला घेतला. घरात कोण? आई, बाबा, मी. बाबा काय करतात? सगळं दुकान टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून 'नळाचं काम'. आयुष्यातले महत्त्वाचे प्रसंग? 'तुम्हीच बघा काहीतरी.'

थोड्याच वेळात चॅटवर 'तज्ज्ञ' हजर झाले. नाव नाही, फोटो नाही, नुसतं 'तज्ज्ञ'.

'भावनिक हवं की प्रेरणादायी?'

'मार्क कशाला जास्त पडतात?'

'दोन्ही एकत्र घेतलं तर.'

'मग दोन्ही.'

'आई घेऊ की वडील?'

राजे विचारात पडले. आईवर लिहिलं आणि ते तिच्या हाती लागलं, तर ती सगळ्या बहिणींना फोनवर वाचून दाखवणार. नसती कटकट.

'वडील घ्या.'

'नक्की ना? नंतर बदलता येणार नाही.'

'अहो, घ्या ना वडील!'

पलीकडून एक गुलाबाचं फूल आलं. शिष्टाचार असेल, असं राजेंना वाटलं.

लेख आला, राजेंनी कोपऱ्यात झोकात नाव टाकलं आणि एक ओळही न वाचता देऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात जग अचानक चांगलं झालं. मॅडम वर्गात हजेरी घेता घेता राजेंच्या नावापाशी थांबल्या, चष्मा काढला, पुसला आणि पुढे गेल्या. हजेरी कमी भरत होती, ती आपोआप पुरेशी झाली. कॅन्टीनवाला चहाचे पैसे घेईना. आणि पहिल्या बाकावरची, जिने आजवर राजेंकडे खिडकीच्या गजांकडे बघावं तसंही बघितलं नव्हतं, ती स्वतःहून आली आणि आपल्या नोट्स हातात ठेवत म्हणाली, "काही लागलं तर सांग. एकटा आहेस असं समजू नकोस."

राजेंना वाटलं, केस नवीन पद्धतीने कापलेत त्याचा हा गुण. दोन दिवस ते जिन्यावरच्या काचेत स्वतःला बघत हिंडले.

मग मॅडमनी त्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं, तपासलेला लेख दिला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "तू हे कसं सोसलंस रे?"

काय सोसलं ते कळायला हवं म्हणून राजे जिन्यात बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःची असाइनमेंट वाचायला घेतली.

'बाबांच्या हातांना ओल्या लोखंडाचा वास यायचा', इथून सुरुवात होती. बाबा गरीब प्लंबर. दिवसभर लोकांचे नळ दुरुस्त करायचे आणि घरी आले की मुलाचे बूट पुसून ठेवायचे. 'नळ हळू बंद कर रे बाळा, पाण्यालाही लागतं,' असं म्हणायचे. तिसऱ्या पानावर मोठी पाइपलाइन फुटली, अर्धं शहर तहानलं, बाबा खड्ड्यात उतरले आणि खड्ड्याची बाजू ढासळली. बाहेर काढलं तेव्हा त्यांनी शेवटचं विचारलं, 'लोकांना पाणी मिळालं का?' आणि गेले.

राजे ताडकन उठले आणि पुन्हा बसले. आपले बाबा सकाळीच तर दुकानात गेले, डबा विसरले म्हणून परत येऊन ओरडूनही गेले! आणि शेवटच्या क्षणी त्यांनी लोकांच्या पाण्याची चौकशी केली असती ही शक्यता कमीच. 'बिल केलंस का?' असं विचारलं असतं. मग राजेंनी तो भाग पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे भरून आले. जिवंत बापासाठी, तेही परक्या माणसाने लिहिलेल्या ओळी वाचून, ते जिन्यात बसून मुसमुसून रडले. येणारेजाणारे खांद्यावर थोपटून जात होते.

त्यांनी तिथूनच तज्ज्ञांना गाठलं. 'तुम्ही माझ्या बाबांना मारलंत!'

'लेख आवडला का?'

'ते जिवंत आहेत!'

'दुरुस्तीची मुदत संपली आहे. वडिलांना जिवंत करायचे असल्यास नवीन ऑर्डर नोंदवावी. आईवरील लेख सध्या सवलतीत आहे.'

राजेंनी ठरवलं, उद्याच मॅडमना सगळं सांगायचं. मग परवा. पण रोज कोणीतरी नोट्स आणून द्यायचं, रोज चहा फुकट व्हायचा, आणि पहिल्या बाकावरची आता दुसऱ्या बाकावर, म्हणजे राजेंच्या शेजारी, बसू लागली होती. खरं बोलायला निदान कडक चहा तरी स्वतःच्या पैशाने प्यायलेला असावा लागतो. तेवढ्यात मॅडमनी लेख परस्पर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवला, आणि लेखाला पहिलं बक्षीस लागलं. कॉलेजला इतक्या वर्षांत बक्षीस म्हणून मिळालं होतं ते फक्त सायकल स्टँडच्या स्वच्छतेचं. प्राचार्यांनी वार्षिक समारंभात लेखाचं वाचन आणि 'सोशिक मातेचा सत्कार' असे दोन कार्यक्रम जाहीर करून टाकले.

आणि एका रविवारी, सत्काराचं निमंत्रण द्यायला, मॅडम फळांची पिशवी घेऊन राजेंच्या घरी आल्या. न कळवता.

आई तिच्या बहिणीकडे गेली होती. दार बाबांनी उघडलं. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या अर्ध्या तोंडावर फेस.

"मी कॉलेजातून आले," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. "मुलाची शिक्षिका."

"या, या! काय दिवे लावले त्याने?"

मॅडमनी वर पाहिलं. "आपण?"

बाबा उत्तर देणार तोच आतून राजे सुटले ते थेट दारात. "काका! मॅडम, हे माझे काका!"

बाबांनी फेसाआडून मुलाकडे पाहिलं. माणूस धंद्यात मुरलेला. नोकर गिऱ्हाइकासमोर भलतंच काही बोलून गेला तर तिथल्या तिथे खोडायचं नाही, आधी गप्प ऐकून घ्यायचं आणि झाडायचं ते मागाहून, हा त्यांचा नियम. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "हो, काका. बसा."

मॅडम सोफ्याच्या कडेला टेकल्या. "तुमच्या भावासारखी माणसं आता होत नाहीत."

"नाही होत. काय केलं त्यांनी?"

"ते ज्या तऱ्हेने गेले..."

"गेले?"

मॅडमनी रुमाल काढला. "कळतंय मला. तुमचं मन अजून मानत नाही."

"अजिबात मानत नाही," बाबा अगदी मनापासून म्हणाले. "कसे गेले ते जरा सांगता का? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मॅडमनी सांगितलं. सांगता सांगता त्या रडल्या. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून स्वतःचं मरण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होते. मधेच त्यांनी "खड्ड्यात?" असं विचारलं, मॅडम "खड्ड्यात" म्हणाल्या, आणि बाबांनी राजेंकडे असं पाहिलं की राजेंनी नजर फळांच्या पिशवीवर रोखली.

निघताना मॅडम हात जोडून म्हणाल्या, "वहिनींकडे आता तुम्हीच बघायला हवं."

"बघतोच आहे की," बाबा म्हणाले. "लग्न झाल्यापासून."

मॅडम जरा चमकल्या, पण दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून निघून गेल्या.

दार लागलं. बाबांच्या गालावरचा फेस एव्हाना वाळून खडूसारखा झाला होता.

"आण तो लेख."

राजेंनी आणला. बाबांनी उभ्याउभ्या वाचला. मग राजेंना सगळं ओकावं लागलं, वेबसाइट, तज्ज्ञ, गुलाबाचं फूल, सगळं.

"म्हणजे राजे, तुम्ही बापाची सुपारी दिलीत," बाबा म्हणाले. "आणि तीही बापाच्याच कार्डावरून! घासाघीस तरी केलीत का?"

"बाबा, मला खरंच माहीत नव्हतं ते मारणार आहेत."

"मारलं ते मारलं. निदान स्वतः मारायचं होतंस. सख्ख्या मुलाच्या हातून गेलो असं तरी वाटलं असतं. हा कोण कुठला तज्ज्ञ, त्याने माझं तोंडही पाहिलेलं नाही, तो मला खड्ड्यात घालतो आणि तू कोपऱ्यात सही करतोस!" त्यांनी पान उलटलं. "आणि हा माणूस तरी कोण? मुलाचे बूट पुसायचा म्हणे! मी माझे पुसत नाही. 'तापात रात्रभर कपाळावर हात ठेवून बसायचे.' मी बसलो होतो का रे कधी?"

"आठवत नाही, बाबा."

बाबांनी लेख टेबलावर ठेवला. "मलाही नाही आठवत," ते म्हणाले आणि उरलेली दाढी करायला आत गेले. राजेंना शिव्या खायची तयारी होती. या कबुलीची नव्हती.

आई संध्याकाळी परतली. तिने लेख वाचला आणि ती वेगळ्याच वाक्यावर अडली. "'आई अजूनही दाराकडे डोळे लावून बसलेली असते.' मी कशाला दाराकडे डोळे लावू? त्यांच्याकडे किल्ली आहे! आणि माझा नवरा गेला तेव्हा मला कोणी कळवलं नाही, सत्काराला तेवढं बोलावतात. मी नाही जायची. मला जिवंत माणसाचा स्वयंपाक आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा दुकान नोकरावर सोडून, राजेंना पुढे घालून प्राचार्यांच्या खोलीत गेले. खोलीत मानचिन्हं इतकी होती की बसायला जागा शोधावी लागली. मॅडमचा तास चालू होता, ते एक बरं झालं.

"मी याचा बाप," बाबा उभ्यानेच म्हणाले. "मी मेलेलो नाही."

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढून ठेवला. मग हसून म्हणाले, "तुम्ही हयात आहात याचा आम्हाला आनंदच आहे. आनंदच आहे. पण असं बघा, निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत."

"म्हणजे? मी मरू?"

"छे छे! आमचा तसा आग्रह नाही." प्राचार्य पुढे झुकले. "पण समारंभापुरतं मनावर घ्या. बक्षीस कॉलेजच्या नावावर जमा झालंय. प्रमुख पाहुण्यांनी त्या पाण्याच्या वाक्यावर भाषण बसवलंय. आणि मॅडम त्या लेखावर तीनदा रडल्यात. त्यांना आता खरं सांगणं माणुसकीला धरून होईल का? तुम्ही काका म्हणून या ना. नाहीतरी त्यांच्या लेखी तुम्ही काकाच आहात. फार जिव्हाळ्याने बोलत होत्या तुमच्याबद्दल."

"पण याने लबाडी केली, त्याचं काय?"

"मुलगा आहे. चुकतो. आपण मोठ्यांनी सांभाळून घ्यायचं."

बाबा तरातरा बाहेर पडले. राजे मागोमाग निघाले, तर प्राचार्यांनी त्यांना बोटाने थांबवलं आणि दाराकडे एक नजर टाकून हळूच विचारलं, "ते लिहून देणारे लोक... शोधनिबंध वगैरे करतात का?"

"करतात सर," राजे म्हणाले. "फक्त घरच्यांची माहिती देऊ नका."

बाहेर आवारात बाबा गाडीला किल्ली लावून उभे होते. "हे बघ," ते म्हणाले, "समारंभाला मी येणार. आणि खरं काय ते तू स्टेजवरून सांगणार. तुझ्या वतीने मी नाही सांगायचा. तुझ्या वतीने दुसऱ्यांनी पुष्कळ केलं."

समारंभाच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं. मागची मुलंसुद्धा आली होती, कारण हजेरी लावणार होते. तिसऱ्या रांगेत, बाजूच्या खुर्चीवर, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. स्वयंसेवकांनी त्यांच्या छातीवर 'काका' अशी चिठ्ठी लावली होती. ती त्यांनी काढली, तर दुसरा स्वयंसेवक दुसरी लावून गेला.

राजेंना स्टेजवर बोलावलं. हातात लेख होता. पहिल्या रांगेत मॅडम रुमाल उलगडून सज्ज होत्या. पहिल्या बाकावरची पायरीपाशी उभी राहून डोळ्यांनी धीर देत होती. खरं बोललो तर ती उद्या पुन्हा आपल्या जुन्या बाकावर जाणार, हे राजेंना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बाबा त्यांच्याकडेच बघत होते. रागाने नाही, नुसतेच. राजेंनी लेखाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"हा लेख मी लिहिलेला नाही," ते म्हणाले.

प्राचार्यांचा हात माइककडे सरकला, पण त्याची गरज पडली नाही.

"खरंय," मॅडम पुटपुटल्या, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या. "दुःखच लिहवून घेतं." कोणीतरी "वा!" म्हणालं.

"तसं नाही," राजे घाईने म्हणाले. "मी पैसे देऊन लिहून घेतला."

"मोल मोजलंय पोराने," प्रमुख पाहुणे शेजाऱ्याला म्हणाले. "प्रत्येक शब्दाचं."

राजे माइकच्या आणखी जवळ सरकले. खोटं इतकं सहज खपलं होतं, मग खऱ्याला काय धाड भरली? त्यांचा आवाज चढला. "अहो, माझे बाबा गेलेले नाहीत! ते जिवंत आहेत! ते बघा, ते तिथे बसलेत, तिसऱ्या रांगेत!"

सगळं सभागृह मागे वळलं. तिसऱ्या रांगेत सगळ्यांना एक गृहस्थ दिसले, छातीवर चिठ्ठी 'काका'. आणि मग एक हुंदका फुटला, दुसरा फुटला, बघता बघता निम्मं सभागृह डोळे पुसू लागलं. हजेरीसाठी आलेली मुलंसुद्धा मान खाली घालून बसली.

आता बाबांना राहवलं नाही. ते उठून उभे राहिले. "अहो, तो खरं बोलतोय! मीच तो! मीच याचा बाप!"

शेजारच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून त्यांना घट्ट मिठी मारली. "बरोबर आहे," ते पाठ थोपटत म्हणाले. "आता तुम्हीच त्याचे बाप!"

जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मिनिटभर थांबेना. बाबा मिठीतून सुटायची धडपड करत "ऐका तर" म्हणत होते, पण त्यांना दोघांनी धरून खाली बसवलं, एकाने पाणी दिलं, एक बाई वहीने वारा घालू लागल्या. प्रमुख पाहुण्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं की अशी माणसं कधी मरत नसतात. बक्षीस राजेंच्या हातात कोंबलं गेलं. प्राचार्यांनी पाठीवर थाप मारली आणि हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाले, "वाचलास."

समारंभ आटोपून दोघं गाडीतून घरी निघाले. मग एका सिग्नलला गाडी थांबली असताना बाबांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. राजे घाबरले. बाबा हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले तरी त्यांना गाडी सुरू करता येईना.

"आता तुम्हीच बाप!" ते डोळे पुसत म्हणाले. "एवढी वर्षं घासतोय, आणि नेमणूक आज झाली!"

मग एकाएकी गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "माझ्या भीतीने बोललास की मनाने?"

राजेंनी खरंच विचार केला. "नक्की नाही सांगता येत."

"चालेल," बाबा म्हणाले आणि गाडी सुरू केली.

म्हणजे सगळं माफ झालं असं नाही. कार्ड गेलं. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवायचं काम राजेंच्या मागे लागलं. प्राचार्यांचा शोधनिबंध पुढे कुठल्याशा परिषदेत गाजला, त्यातही बेटावरचे मासेमार होते असं म्हणतात. पहिल्या बाकावरचीला राजेंनी एकटीला गाठून पुन्हा सगळं खरं सांगितलं. तिने मात्र लगेच विश्वास ठेवला, नोट्स परत मागितल्या आणि आपल्या बाकावर निघून गेली.

पुढच्या सत्रात मॅडमनी विषय दिला, 'एक अविस्मरणीय फजिती'. राजेंनी पहिल्यांदाच स्वतः लिहिलं. लिहिण्यासारखं ताजं होतंही. चौथ्या मजल्यावरच्या एका गिऱ्हाइकाने बाथटब मागवला होता. तो लिफ्टमध्ये मावेना म्हणून बाबा खालून आणि राजे वरून असे जिन्याने चढवत असताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर टब असा अडकला की ना वर जाईना ना खाली. बाबा खालच्या बाजूला, बोटं दाबलेली. राजे वरच्या बाजूला. इमारतीतले लोक कामावरून परतू लागले, तेव्हा ज्याला वर जायचं तो चपला हातात घेऊन टबात उतरून पलीकडे चढत होता. शेवटी दमून बापलेक दोघंही टबातच बसले आणि लोकांना हात देऊन पलीकडे पोचवू लागले. जिन्याच्या भिंतीची कडा तासून टब सोडवेपर्यंत अख्ख्या इमारतीशी ओळख झाली. राजेंनी हे सगळं जसं घडलं तसं लिहिलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

मॅडमनी काठावर पास केलं. खाली लाल शाईत शेरा होता: 'प्रसंग ओढूनताणून आणल्यासारखा. वडिलांच्या लेखात ओतलेलं मन इथे दिसत नाही. ही तुझी शैली वाटत नाही. कुणाकडून लिहून घेतलंस का?'

राजे पेपर घेऊन थेट दुकानात गेले. बाबांनी गिऱ्हाइकाला थांबवून तो वाचला. पुन्हा मधलं पान काढून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"बोटं दाबली तेव्हा मी तुला एक शिवी दिली होती. ती गाळलीस."

"कॉलेजात नाही चालत, बाबा."

"मग हा माणूस मी नव्हे. पुन्हा तू तो भला गृहस्थ आणून बसवलास."

राजेंनी पेपर परत घेतला, गल्ल्यावरचं पेन उचललं आणि ती ओळ शोधून शिवी जिथल्या तिथे लिहिली. मार्क काय, पडायचे ते पडून गेलेच होते.